पाहुण्यांसाठी धुतलेली खाण

आमच्या गावात पक्ष्यांच्या स्वागतासाठी समिती निघाली तेव्हा पक्षी आधीच येऊन राहिलेले होते. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ या एका गोष्टीकडं कुणी पाहिलं नाही म्हणून झाला.

गाव बेळगाव आणि निपाणीच्या मधलं, मोठ्या रस्त्यापासून जरासं आत. तो रस्ता रुंद करायचं निघालं तेव्हा खडी लागली, आणि खडीसाठी आमचा माळ फुटला. आमची बौद्ध वस्ती माळाच्या कडेलाच होती. गावानं आम्हाला पूर्वीपासून बाहेर ठेवलेलं असल्यामुळं खाणीच्या मालकांना मजूर शोधायला लांब जावं लागलं नाही. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, सुरुंगासाठी भोकं पाडायचे. आई खडी फोडायची. दोघांनी मिळून मला शिकवलं आणि मी गावातल्याच मराठी शाळेत बाई झाले. तेवढं आप्पांनी पाहिलं आणि मग ते गेले. त्यांच्या छातीत खाणीची बरीच भुकटी होती. ती काही मालकांनी परत मागितली नाही.

सत्तरच्या पुढच्या वर्षांत खाण इतकी खोल गेली की तळाला पाणी फुटलं. मालकांनी पंप बसवले. पंप दमले, पाणी दमेना. तोवर रस्त्याचं कामही उरकलं होतं, म्हणून मालकांनी यंत्रं उचलली आणि खाण आहे तशी सोडली. तीन बाजूंना उभे कडे आणि चौथ्या बाजूला ट्रक उतरायचा तो लांबलचक उतार. पाणी भरत भरत त्या उताराच्या पोटापर्यंत आलं आणि तिथं दगडाची भुकटी, माती आणि पाचोळा मिळून मऊ चिखल झाला. वस्तीतल्या बाया तिथं धुणं न्यायला लागल्या. भांडीही तिथंच घासायच्या. म्हशी दुपारभर डुंबायच्या. आईनं एक सपाट दगड बघून ठेवला होता, त्यावर दुसरं कुणी बसत नसे.

त्या पाण्याची किंमत कळायला आमच्या घरात जन्मावं लागतं. गावातली विहीर कायद्यानं सगळ्यांची होती. पण कायदा बेळगावात राहायचा आणि विहीर गावात. आई लहान असताना कट्ट्याखाली घागर ठेवून उभी राहायची, कुणाला दया आली तर वरून पाणी पडायचं. माझ्या वेळेपर्यंत सुधारणा झाली होती. आई पोहरा टाकायला गेली की शेजारच्या बाया नुसत्या आपापल्या घागरी उचलून जरा लांब ठेवायच्या, जशी काही तिला जागाच करून देतात. खाणीच्या पाण्यावर असलं काही नव्हतं. ते कुणाच्या पणज्यानं बांधलेलं नव्हतं, काठावर देव नव्हता, पायरी नव्हती. “आमीच खनलंय न्हवं,” आई म्हणायची. ती तिथं जायची ती स्वतःच्या परसात गेल्यासारखी, पदर खोचून, मोठ्यानं बोलत. घरातसुद्धा ती एवढ्या मोठ्यानं बोलत नसे.

बेळगावचे एक दातांचे डॉक्टर रविवारी स्कूटरवरून माळामाळानं हिंडायचे, गळ्यात दुर्बीण अडकवून. एका हिवाळ्यात ते हिंडत हिंडत आमच्या खाणीवर पोचले आणि तिथंच थबकले. उताराच्या चिखलात लांब पायांचे शेकाटे, बारके तुतवार, शेपट्या हलवत फिरणारे परीट, आणि पाण्यावर बदकांचा थवा. आम्हाला त्यांचं कौतुक नव्हतं. हिवाळा आला की पाखरं येतात, थंडी सरली की जातात, एवढंच माहीत. मी धुणं पिळायला आईबरोबर गेले होते. डॉक्टरांनी तांबूस रंगाच्या एका जोडीकडं बोट दाखवलं आणि आईला म्हणाले, “आजी, ही ब्राह्मणी बदकं. हिमालयापलीकडून येतात.”

ती जोडी आईच्या दगडापासून हाकेच्या अंतरावर चिखलात चोच घालत होती. आईनं एकदा बदकांकडं पाहिलं, एकदा आपल्या वस्तीकडं, आणि म्हणाली, “घरात सांगून आल्यात का इचारा.”

डॉक्टरांना हसावं की नाही ते कळेना. माणूस सज्जन होता.

डॉक्टर तिथून थेट मालकांच्या वाड्यावर गेले आणि त्यांनी पक्ष्यांची हकिकत सांगितली. मालकांना ती अगदी वेळेवर मिळाली. खाणीची मुदत संपली होती आणि जमीन नीट करून द्या असा सरकारचा तगादा चालू होता. एवढा खड्डा बुजवायचा तर दुसरा तेवढाच खड्डा काढायला लागणार. खड्डा बुजवण्यापेक्षा खड्ड्याला नाव देणं सोपं, हे मालकांच्या ध्यानात आलं. महिन्याभरात खाण पुनरुज्जीवन आणि पक्षी स्वागत समिती उभी राहिली. मालक अध्यक्ष, डॉक्टर सल्लागार, पंचायतीचे चेरमन आणि गावातली चार वजनदार माणसं सभासद, आणि मी चिटणीस. माझं अक्षर चांगलं आणि मला कानडीही लिहिता येतं म्हणून, असं सांगण्यात आलं. वस्तीतलं कुणीतरी फोटोत दिसायला हवं म्हणून, हे न सांगता कळलं.

‘स्वागत’ हा शब्द मालकांनी घातला आणि तिथंच पक्ष्यांचं नशीब ठरलं. आमच्या भागात पाहुणा येणार म्हटलं की काय करतात? भिंतीला चुना लावतात, अंगण सारवतात, दारातली म्हैस परसात बांधतात, मोडकी खाट लपवतात. आणि घरातल्या ज्या माणसांची लाज वाटते त्यांना सकाळीच शेताकडं पाठवून देतात. समितीनं यातलं एकही काम शिल्लक ठेवलं नाही.

आधी पाटीचा प्रश्न निघाला. पाटीवर मराठी वर की कानडी वर? यावर इतक्या बैठका झाल्या की तेवढ्या वेळात बदकं हिमालयाला जाऊन परत आली असती. आमच्याकडं पाटी ही वाचण्यासाठी नसतेच, ती डांबर फासण्यासाठी असते, त्यामुळं कुणाचं डांबर कुणाच्या अक्षरावर बसेल याचा विचार आधी करावा लागतो. शेवटी अक्षरच नको, नुसतं चित्र काढू असं ठरलं. बेळगावच्या शहापुरात साड्यांच्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर होता, त्याला बोलावलं. त्यानं जन्मात एकच पक्षी काढला होता. खाणीच्या तोंडाशी पदरावरचा मोर उभा राहिला.

मग श्रमदान निघालं. शाळेची मुलं घेऊन मीही गेले. उताराचा चिखल बघून मालक कळवळले. “शी, शी. एवढ्या लांबनं येणार आणि ह्यात बसणार?” असं म्हणून त्यांनी चिखल काढायला लावला. काढलेला गाळ टाकायचा कुठं हा प्रश्न आला नाही. सभासदांच्या बैलगाड्या रांगेनं उभ्याच होत्या. असला गाळ शेताला मिळणं म्हणजे सणच. मोकळ्या झालेल्या उतारावर दगडांचं पक्कं पिचिंग झालं, रस्त्याच्या कडेला करतात तसं. काठावरचे धोंडे चुन्यानं पांढरे केले. सरकारी निलगिरीची रोपं आली ती ओळीनं लावली, आणि माणसांना बसायला सिमेंटचा बाक. डॉक्टर रविवारी आले आणि बघतच राहिले.

“चिखल राहू द्यायला हवा होता,” ते म्हणाले. “पक्षी त्यातले किडे खातात.”

“डॉक्टर, किडे हितं कशाला? आपण धान्य टाकू की,” मालक म्हणाले.

डॉक्टरांच्या धंद्यात समोरचा माणूस तोंड उघडतो, पण उलट बोलत नाही. समितीत दोन्ही एकदम होत होतं, त्याची त्यांना सवय नव्हती. ते दुर्बिणीची काच पुसत बसले.

लगेचच्या बैठकीत चेरमननी धुण्याचा विषय काढला. पाणी स्वच्छ पाहिजे, शांतता पाहिजे, तेव्हा बायकांचं धुणं आणि जनावरं बंद करावीत. मी म्हटलं, आमच्या बाया धुणं धुतात तेव्हाच तर हे पक्षी येतात, डॉक्टरांनी स्वतः पाहिलंय. मालक माझ्याकडं मायेनं बघत म्हणाले, “बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच असं बोलायला लागलात तर कसं व्हायचं?” डॉक्टर म्हणाले, शांतता असलेली बरी, हे मात्र खरं. मग हात वर झाले. माझा तेवढा खाली होता.

मनाईची पाटी करायची ठरली. ती कुठल्या भाषेत हे कुणी विचारलंही नाही. मराठी आणि कानडी, दोन्ही, शेजारी शेजारी, सारख्या मापाच्या अक्षरात. सीमाभागातली एवढी एकी मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

मी राजीनामा द्यायचा म्हणून कागद पुढं ओढला होता. आईनं तो बाजूला सारला. “आत ऱ्हा गं. काय बोलत्यात ते तरी कळंल.”

मालक स्वतः वस्तीत आले सांगायला. हे त्यांचं मोठेपण, असं गावात म्हणत होते. आईला ते म्हणाले, “आक्का, पाणी चांगलं ठेवायचंय. तुम्ही धुतलं की खराब होतं. समजून घ्या.” आई त्यांच्या खाणीत उमेदीची सगळी वर्षं राबली, पण त्यांनी तिला आक्का म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. आपलं काहीतरी जाणार हे तिनं त्या हाकेवरूनच ओळखलं असावं. ती “व्हय” म्हणाली आणि घरात गेली. दुसऱ्या दिवशी काटेरी तार ओढून झाली आणि तिचा सपाट दगड पिचिंगच्या उरलेल्या तुकड्यात बसला.

वस्तीतल्या बाया मग ओढ्याला जायला लागल्या. ओढा माळ उतरून खाली, येताना सगळा चढ. ओल्या कपड्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन आई चढायची तेव्हा मध्ये दोनदा बसायची. गुडघे खडी फोडतानाच गेले होते. मी म्हणायचे, गावातल्या विहिरीवर जाऊ, मी बरोबर येते, कोण काय करतंय बघू. ती म्हणायची, “तितं पानी मिळंल गं. बोलाय मिळनार न्हाय.” मला तेव्हा फार राग यायचा. आजही येतो. वय झालं म्हणून राग निवतो असं जे म्हणतात त्यांचा राग मुळात कोमटच असणार.

हिवाळा लागला तशी उद्घाटनाची तयारी झाली. तहसीलदार आले. मोराच्या पाटीला हार घातला. भाषणात ते म्हणाले की पाखरांना सीमा नसतात, त्यांना जात नसते, धर्म नसतो, आणि माणसानं त्यांच्याकडून शिकावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सीमेचा उल्लेख झाला तेव्हा दोन-तीन सभासदांच्या भुवया वर गेल्या होत्या, पण चहा आल्यावर त्या जागेवर आल्या. खाणीचं पाणी इतकं नितळ दिसत होतं की तळाचा दगड दिसावा. त्यावर एकही पक्षी नव्हता.

येतील, असं सगळे म्हणाले. मालकांनी रोज सकाळी ज्वारी टाकायला गडी ठेवला. ती गावातली कबुतरं खाऊन जायची आणि ज्यांच्या शेतावर भोरड्यांचे थवे उतरतात ते शेतकरी हळहळत बघत राहायचे, कारण स्वतःच्या रानात ते गोफण घेऊन उभे असत. थंडी वाढली, पक्षी आले नाहीत. मग कारणं निघायला लागली. कुणी म्हणालं चुन्याचा वास येतो. कुणी म्हणालं उद्घाटनाला कर्णा लावायला नको होता. चेरमनना वाटत होतं की मोराची पाटी बघून बाकीचे पक्षी बुजत असावेत. चिटणीस म्हणून मी सगळं लिहून घेत होते आणि माझं अक्षर तेव्हा खरोखर फार चांगलं येत होतं.

शेवटी पक्षी सापडले ते डॉक्टरांना. ते हताश होऊन परत चालले होते, वाटेत ओढ्याशी स्कूटर बंद पडली. खाली बघतात तर वस्तीतल्या बाया धुणं बडवतायत, म्हशी बसल्यात, आणि त्यांच्या पायांनी तुडवून तयार झालेल्या चिखलात शेकाटे, तुतवार, परीट, सगळी मंडळी. जागा बारकी, दाटीवाटीनं बसलेली. बदकांना मात्र तेवढं पाणी पुरलं नव्हतं, ती कुठंतरी निघून गेली होती. आई डॉक्टरांना ओळखून म्हणाली, “बसा की. स्कूटर काय, हुईल चालू.”

पुढच्या बैठकीत डॉक्टर पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. पक्ष्यांना पाणी लागतं तसा चिखल लागतो. घासलेल्या भांड्यांचं खरकटं, म्हशीचं शेण, माणसांच्या पायांनी मोडलेला काठ, यातनं किडे होतात आणि त्यांच्यासाठी पक्षी येतात. आपण खाण धुऊन पुसून ठेवली, तिथं त्यांना खायला काही राहिलं नाही. पिचिंग काढा, तार उघडा, बायकांना परत बोलवा. ते बोलून खाली बसले आणि त्यांना दम लागला होता.

 गाळ परत आणायची कुणाची छाती नव्हती. सगळ्यांचा ऊस चांगला आला होता. पण दगड काढणं आणि तार उघडणं शक्य होतं. शेवटी मालक माझ्याकडं वळले. “बाई, तुमच्या आईला निरोप द्या. म्हणावं, या सगळ्या. पूर्वीसारखं धुवा, भांडी घासा. पाणी काय घाण व्हायचं ते होऊ दे, आमची हरकत नाही.”

मी घरी आले तेव्हा आई विळीवर शेवग्याच्या शेंगा चिरत होती. मी निरोप सांगितला.

“म्हंजे आमी जाऊन पानी बाटवायचं?” तिनं विचारलं.

“तसं नाही म्हणाले.”

“मग कसं म्हनलं?”

मी मालकांचे शब्द होते तसे सांगितले. आई हसायला लागली. हसता हसता विळी बाजूला केली, पदरानं डोळे पुसले, परत हसली. आप्पा गेल्यावर तिला एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं. तिला आनंद झालाय की काय असं मला क्षणभर वाटलं.

मग ती म्हणाली, “त्यास्नी सांग, येते. पन आमी एकट्या न्हाय. मालकीनबाईंनी यावं. चेरमनच्या सुनंनं यावं. माज्या दगडाशेजारी दगड मांडावा आन् धुनं धुवावं. त्यांनी आज धुतलं तर मी उद्याला तितं हाय.”

“आई, त्या येणार नाहीत.”

“का? पाखरं हिमालयापल्याडनं येत्यात. ह्यास्नी गल्लीतनं यायला काय झालं?”

मी हे समितीत वाचून दाखवलं, शब्द न बदलता. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मालकांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. चेरमननी चष्मा काढून पुसला. डॉक्टर एकेकाकडं आशेनं बघत होते. बेळगावचे असल्यामुळं त्यांना अजून काहीतरी होईल असं वाटत होतं. मग मालक म्हणाले, “बघू.” आमच्या भागात ‘नाही’ म्हणणं असभ्य समजतात, म्हणून हा शब्द ठेवलेला आहे.

त्यानंतर तोडगा निघाला आणि तो एकमतानं मंजूर झाला. वरच्या आळीतल्या म्हशी खाणीत सोडायच्या. म्हशींची काही अट नव्हती. उताराचे दगड उचकटले, तारेला फाटक झालं, मनाईच्या पाटीवरचा जनावरांचा भाग दोन्ही भाषांत चुन्यानं पुसला आणि कपड्यांचा भाग तसाच ठेवला. पावसाळ्यात माळावरची माती धुपून उतारावर आली. म्हशींनी आपलं काम चोख केलं.

पुढच्या हिवाळ्यात पक्षी आले. पुष्कळ आले. बेळगावहून लोक बघायला यायला लागले, सिमेंटच्या बाकावर बसून शेंगा खायला लागले, आणि मालकांचा सत्कार झाला. मी चिटणीसपद सोडलं. कारण कुणी विचारलं नाही. आई ओढ्यालाच जात राहिली. तिच्याबरोबरच्या बायांपैकी काही जणी हळूहळू परत खाणीकडं वळल्या, पाटी असूनही. कुणी त्यांना अडवलं नाही आणि कुणी त्यांना बोलावलंही नाही. आईनं त्यांना नावं ठेवली नाहीत.

एका रविवारी सकाळी डॉक्टर थेट आमच्या घरी आले. चेहरा फुललेला होता. आई दारात बोचकं बांधत होती. ते म्हणाले, “आजी, तुम्हाला सांगायलाच आलो. सगळे परत आले.”

“कोन कोन आलं?” आईनं विचारलं.

डॉक्टरांनी बोटांवर मोजत नावं सांगितली. शेकाटे आले, तुतवार आले, परीट तर केव्हाच आले, आणि आज सकाळी ब्राह्मणी बदकांची जोडी उतरली. आईनं काम थांबवून सगळी नावं नीट ऐकून घेतली. अजून पुढं काही आहे म्हणून ती जरा थांबलीही.

“आन् मालकीनबाई?” ती म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांना काही मदत केली नाही. आईनं बोचक्याची गाठ मारली, ते डोक्यावर घेतलं आणि ती ओढ्याकडं चालायला लागली.